स्टूलमधलं फॅट तपासायला कुठली टेस्ट भरवशाची?

अन्न अंगी लागत नसेल तर सुदान स्टेन (शीतलं फॅट रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं), ७२ तासांचं फॅट (तीन दिवसांच्या शीतलं फॅट मोजणं) आणि इलॅस्टेज (शीत उतरलेलं स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजणं) यांतली कुठली टेस्ट करावी, असं तुम्ही विचारलंय. मी कुडाळला २२ वर्षं लॅबमध्ये काम करतो. माझ्या मते टेस्ट नंतर ठरवा, आधी पेशंट जेवतोय काय ते विचारा.

माझे वेंगुर्ल्याचे मामा सहा महिन्यांत निम्मे झाले. शी फिकट, भरपूर, दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला तेलकट थर चिकटलेला. मामेभावाने मुंबईत तपासणी करून घेतली, रिपोर्ट आला: फॅट ग्लोब्यूल्स, म्हणजे चरबीचे थेंब, नाहीत. "आता तू गावात लाल रंग घालून वेगळं काय बघणार?" असं त्याने मला चारचौघांत विचारलं. मी मामांना विचारलं, जेवताय काय? म्हणाले, "पोट बिघडता म्हणान म्हयनोभर नुसती पेज नि खारातलो आंबो खातंय."

पेजेवरच्या माणसाच्या शीत फॅट येणार कुठून?

मग मामींनी रोज १०० ग्रॅम फॅटचं जेवण सुरू केलं. मोठा चमचाभर तेल म्हणजे १४ ग्रॅम, असा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. तिसऱ्या दिवशी मी स्लाइड केली. असेटिक अ‍ॅसिड आणि सुदान थ्री घालून, बुडबुडे येईपर्यंत दिव्यावर धरली. मायक्रोस्कोपखाली फील्डभर नारिंगी थेंब, मोठे मोठे.

त्यानंतर तीन दिवसांची सगळी शी गोळा केली. घरच्या फ्रीजमध्ये डबा ठेवायला मामींनी साफ नकार दिला, तेव्हा बंदरावरून मासळीचा थर्माकोलचा खोका आणि बर्फ आणला. शीत फॅटची मर्यादा दिवसाला ७ ग्रॅम, मामांचं आलं १९. इलॅस्टेज एक ग्रॅम शीमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली. स्वादुपिंड निकामी होत होतं. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि माणूस पुन्हा माडाला पाणी घालायला लागला.

मामेभाऊ अजून म्हणतो, निदान मुंबईच्या मशीनने केलं. टायट्रेशन (म्हणजे तीन दिवसांच्या शीतलं फॅट मोजणं) आणि इलॅस्टेज तिकडेच झालं, हे खरं आहे. पण पहिला नॉर्मल रिपोर्टही तिकडचाच होता, आणि नमुना घेताना मामांना आहार कुणी विचारला नव्हता. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

आता तुमच्यासाठी. इलॅस्टेजला एकच नमुना पुरतो आणि कॅप्सूल चालू असल्या तरी फरक पडत नाही. २००च्या खाली कमी धरतात. मात्र पातळ पाण्यासारखी शी दिलीत तर आकडा खोटा कमी येतो. शिवाय ही टेस्ट फक्त स्वादुपिंडाचं सांगते. आतड्याचा आजार असेल तर सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) रक्ततपासणी आणि बायॉप्सी लागते. सुदानमध्ये थोडं वाढलेलं फॅट निसटतं, हेही मान्य. ७२ तासांची टेस्ट करणार असाल तर फॅटचा हिशेब खोबरेलावर भागवू नका. त्यातली मध्यम साखळीची आम्लं मूळ व्हॅन डी कामर पद्धतीत (टायट्रेशनने फॅट मोजायची जुनी रीत) पुरती मोजली जात नाहीत. शेंगदाणा तेल आणि तूप घ्या, आणि नमुन्याआधी दोन दिवस सुरू करा.