आईची झडप, साडेअठरा लाखांचं एस्टिमेट आणि दादाचा हिशोब

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला, आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ७६ वर्षांच्या, कऱ्हाडला असतात, जिना चढताना धाप लागते आणि मागच्या महिन्यात देवळात चक्कर येऊन पडल्या तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर अओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, एकदम अरुंद झालीये, सिव्हिअर स्टेनोसिस. सर्जन म्हणाले ओपन, म्हणजे छाती उघडून झडप बदलायचं ऑपरेशन, करू शकतो पण दमा आहे, वय आहे, रिस्क मध्यम. कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले टावी करा, म्हणजे मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप बसवा. ओपनचं एस्टिमेट ५ लाख २० हजार, टावीचं परदेशी झडप घेतली तर साडेअठरा, भारतीय घेतली तर १४ लाख. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आईला ५ लाखांचं कव्हर आहे, १० टक्के को-पे, म्हणजे मंजूर बिलातला तेवढा वाटा आपण भरायचा. आईच्या नावावर ९ लाखांच्या एफडी, तुमचे म्युच्युअल फंड ११ लाख (मुलीच्या कॉलेजसाठी), आणि बँकेचा साडेनऊ लाखांच्या प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोनचा मेसेज रोज येतोय. दादा म्हणतात सरकारने स्टेंटचा भाव बांधलाय, हे हॉस्पिटलवाले लुटतायत, ओपन करून टाका. आणि आईंना तुम्ही खर्च ३ लाख सांगितलाय.

हे शेवटचं वाक्य वाचून मी जरा थांबले, त्यावर नंतर येते.

आधी दादांचा मुद्दा, कारण तो अगदीच चुकीचा नाहीये. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचा भाव बांधला, औषधवाल्या स्टेंटला २९,६०० रुपये, नंतर तो कमी-जास्त होत गेला. पण तो स्टेंट वेगळा आणि ही झडप वेगळी. टावीच्या झडपेवर तशी कमाल किंमत नाहीये, तिथे नियम एवढाच की एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे "सरकारी भाव दाखवा" म्हणून काउंटरवर भांडून उपयोग नाही, तिथे घासाघीस करायची ती वेगळ्या पद्धतीने.

आता वस्तू काय आहे ते. माझे एक क्लायंट कार्डिऑलॉजिस्ट आहेत, त्यांच्या केबिनमध्ये डेमोचा पीस बघितला होता मी. धातूच्या जाळीचा छोटा पिंपासारखा आकार, आत तीन पातळ पाकळ्या शिवलेल्या, त्या गायीच्या नाहीतर डुकराच्या हृदयावरच्या आवरणाच्या असतात. त्यांनी तो बर्फाच्या पाण्यात बुडवला तर जाळी मऊ पडली, बोटांनी चेपून पेन्सिलीएवढी केली, मग कोमट पाण्यात टाकली आणि ती आपोआप फुलली. ही निकेल-टायटॅनियमची, स्वतः उघडणारी. दुसरी जात फुग्यावर बसवतात, आत फुगा फुगवला की जाळी रुंद होते आणि तशीच राहते. दोन्हीत जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबून नवी तिच्या आत बसते. छाती उघडायला लागत नाही ते त्यामुळेच. ही कल्पना काढणारे डेन्मार्कचे डॉक्टर अँडरसन, १९८९ मध्ये त्यांनी खाटकाकडून डुकरांची हृदयं आणून, हाताने तार वाकवून पहिली फुग्यावरची झडप बनवली आणि डुकरात बसवली, माणसात पहिल्यांदा फ्रान्समध्ये क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ ला. म्हणजे ट्रायल-बियल होऊन वीसेक वर्षांत इथवर आलेली गोष्ट आहे, कालची टूम नाही.

आणि थांबायला जागा नाहीये हे पण सांगते, कारण तुमच्या एजंटने "आत्ता नवी पॉलिसी काढा, ऑपरेशन नंतर बघू" असं सुचवलंय. कृपया नको. आधीच्या आजाराला नव्या पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं आणि इको झालेला लपवला तर क्लेम तर जाईलच, वर पॉलिसी पण रद्द होईल. ज्यांना ओपन सर्जरी झेपणारच नव्हती अशा रुग्णांची २०१० ची मोठी अमेरिकन चाचणी आहे, त्यात टावी न केलेल्यांपैकी वर्षभरात निम्मे गेले, केलेल्यांपैकी साधारण ३० टक्के. आईंची तब्येत त्या लोकांपेक्षा बरी आहे, पण चक्कर आणि धाप सुरू झाल्यावर ३ वर्षं वाट बघणं हा पर्यायच नाही.

टावी की ओपन हे मी ठरवणार नाही, माझं कामच नाही ते. अमेरिकेच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये ६५ ते ८० वयाला दोन्ही पर्याय ठेवलेत, ८० च्या पुढे टावीकडे कल, ६५ च्या आत ओपनकडे. कारण टिकण्याचा प्रश्न असतो, प्राण्याच्या टिश्यूची झडप साधारण १० ते १५ वर्षांत झिजते. आई ५८ च्या असत्या तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांना एका खोलीत बसवून एकच विचारा, "तुमची आई असती तर?" ते ओपन म्हणाले तर ओपन करा आणि अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. पण फक्त "५ लाखांत होतंय" म्हणून ओपन करायचं असेल तर आधी खालचा हिशोब बघा, कारण तुमच्या डोक्यात फरक ९-१३ लाखांचा आहे आणि खरा तेवढा नाहीये.

ओपन, ५ लाख २०. त्यातले ग्लोव्हज-मास्क टाइपचे ३० हजार इन्शुरन्स देत नाही असं धरू, उरले ४ लाख ९०, त्यावर १० टक्के को-पे, म्हणजे खिशातून साधारण ७९ हजार. भारतीय झडपेची टावी १४ लाख. इथे टीपीएला (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला) एक प्रश्न लेखी विचारा, को-पे पूर्ण मंजूर बिलावर लावून मग ५ लाखांची मर्यादा लावता की ५ लाखांवर को-पे कापता? पहिलं असेल तर पूर्ण ५ मिळतील, दुसरं असेल तर साडेचार. आपण साडेचारच धरू, खिशातून साडेनऊ लाख. फरक ८ लाख ७१ हजार.

आता घरचा खर्च. ओपनमध्ये छातीचं हाड कापतात, ते जुळायला दीड-दोन महिने, तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला बिनपगारी दोन महिने घ्यावे लागतील, महिना ८५ हजार म्हणजे १ लाख ७० हजार गेले, शिवाय ब्युरोची बाई २४ तासांची महिना २५ हजार, दोन महिन्यांचे ५०. टावीत सगळं नीट झालं तर तीन-चार दिवसांत घरी. म्हणजे खरा फरक साडेसहा लाखांच्या आसपास. साडेसहा लाख काही किरकोळ नाहीत, मान्य, पण ही रक्कम तुमच्या घरात आहे, कर्ज न काढता.

परदेशी की भारतीय, साडेचार लाखांचा फरक आहे. वापीच्या मेरिल कंपनीची फुग्यावरची झडप आहे, तिची दोन नावाजलेल्या परदेशी झडपांशी तुलना करणारी ७६८ रुग्णांची चाचणी २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, ३० दिवसांच्या निकालात ती कमी पडली नाही. ३० दिवसांचा निकाल आहे, १० वर्षांचा नाही, हेही लक्षात ठेवा. पण मला विचाराल तर, डॉक्टरांनी सीटी बघून "हिच्यासाठी हीच परदेशी झडप लागेल" असं कारणासकट सांगितलं तरच वरचे साडेचार लाख द्या. आणि घासाघीस करायची ती इथेच, एस्टिमेटचे तुकडे मागा, झडप किती, कॅथलॅब किती, डॉक्टरांची फी किती, आयसीयू किती. एकगठ्ठा "पॅकेज" आकडा घेऊन घरी येऊ नका.

एक अनुभव सांगते, माझ्या सासऱ्यांचा, हॉस्पिटलचं नाव नको. एस्टिमेटमध्ये पेसमेकरचा शब्द नव्हता. टावीनंतर काहींना पेसमेकर लागतो, स्वतः उघडणाऱ्या जाळीत जरा जास्त, आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी रात्री ११ वाजता सांगितलं की उद्या बसवायचाय, पैसे भरा. रात्री अकराला माणूस कुठल्याही व्याजाने पैसे उचलतो. म्हणून दीड-दोन लाखांची सोय आजच करून ठेवायची, लागले नाहीत तर उत्तम.

रूमचं पण बघून घ्या. पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर बाकी बिल त्या प्रमाणात कापतात, इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या सोडून. झडपेवर कात्री चालू दिली तर तक्रार करा. झडपेच्या डब्यावरचा स्टिकर आणि इनव्हॉइस फाइलला लावून घ्या. सीटी-अँजिओची बिलं पण ठेवा, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीचे ३० दिवस बहुतेक पॉलिसीत धरतात, फक्त तो खर्च त्याच ५ लाखांत मोडतो. आणि ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी निघतं. काढून ठेवा. दादांना ओपनच हवं असेल तर त्यांनाच पाठवा आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणारा माणूस), कुठल्या हॉस्पिटलात कुठलं पॅकेज बसतं ते लेखी आणू दे. टॅक्समध्ये फारसं काही नाही, ठराविक आजारांच्या खर्चावर सवलत देणाऱ्या ८०डीडीबी कलमाच्या यादीत झडप येत नाही आणि नव्या रेजीममध्ये तर प्रश्नच नाही.

पैसे कुठून. पर्सनल लोन नको. साडेनऊ लाख, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता २२ हजार १०० आणि व्याजच पावणेचार लाखांच्या वर जातं, म्हणजे भारतीय झडप घेऊन वाचवलेले बहुतेक पैसे बँकेला. माझी मांडणी अशी: आईंच्या एफडीतून ५ लाख. सगळे ९ नाही, ४ त्यांच्या नावावर राहू देत, कारण ऑपरेशननंतर त्या जगणार आहेत आणि जगायला पैसे लागतात. यातली जी दोन महिन्यांत मॅच्युअर होतेय ती मोडू नका, तिच्यावर एफडी लोन घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, दोन महिन्यांचं व्याज किरकोळ. दादांकडून २ लाख, आणि हे मागायला लाजू नका, मत दिलंय त्यांनी तर वाटा पण देतील. उरलेले अडीच तुमच्या फंडातून. तुमचा ११ लाखांत साधारण निम्मा नफा आहे, म्हणजे अडीच लाख काढले की सव्वा लाखाच्या आसपास नफा, इक्विटी फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंत लाँग टर्म नफ्यावर टॅक्स नाही. जुनी युनिट्स आधी विकली जातात त्यामुळे नफा थोडा जास्त निघेल, वरच्या रकमेवर साडेबारा टक्के, म्हणजे काही हजार, सोडून द्या. राहिलेल्या साडेआठ लाखांच्या फंडावर ओव्हरड्राफ्टची लिमिट उघडून ठेवा, साधारण निम्म्यापर्यंत मिळते, उचलले तरच व्याज. पेसमेकरची रात्र आली तर ती कामाला येईल. आईंच्या पाटल्यांना हात लावू नका, त्या मोडल्या तर रक्कम फार येणार नाही आणि घरात रडारड मात्र होईल.

आता ते ३ लाखांचं. ताई, तुम्ही आईंचे ५ लाख वापरणार आणि त्यांना आकडा खोटा सांगणार, हे जमणारच नाही, कारण एफडी "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघींच्या नावावर, कोणा एकीच्या सहीने चालणारी) असली तरी मुदतीआधी मोडायला सहसा दोघींच्या सह्या मागतात. तुम्हाला भीती आहे की "एवढे पैसे माझ्यावर घालू नका" म्हणतील. म्हणतील ना, आपल्याकडच्या सगळ्या आया म्हणतात, माझी पण म्हणाली होती, गुडघ्याच्या वेळी. पण पैसे त्यांचे, छाती त्यांची. ओपन म्हणजे काय, मांडीतून म्हणजे काय, कशाला किती, हे तिन्ही आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात द्या आणि दादांनाही त्याच वेळी बोलवा. आई कंडक्टरच्या बायको, ४० वर्षं घर चालवलंय, हिशोब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो.

बँक पहिल्या मजल्यावर आहे असं लिहिलंय तुम्ही, जिना चढवू नका. ७० वर्षांवरच्या खातेदाराला घरी येऊन सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, मॅनेजरला फोन करा, माणूस फॉर्म घेऊन घरी येईल.