वांग वयामुळे येतात का?

प्रश्न : माझे वय ५२ आहे. पूर्वी माझा चेहरा एकसारखा गव्हाळ होता. गेल्या काही वर्षांत दोन्ही गालांवर वांग आले असून कपाळाच्या कडाही काळवंडल्या आहेत. ओळखीतून मिळालेल्या एका मलमाने महिनाभर रंग उजळला, पण ते थांबवताच चेहरा पूर्वीपेक्षा काळा झाला. हे वयामुळेच होते का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : दंडाची आतली बाजू चेहऱ्याजवळ धरून उजेडात आरशात पाहा. त्या त्वचेचे वयही ५२ वर्षेच आहे, तरी तिचा रंग बराचसा पूर्वीसारखा दिसेल. फरक आहे तो मुख्यतः आयुष्यभर चेहऱ्यावर पडलेल्या उन्हाचा.

मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी वयाबरोबर खरे तर कमी होत जातात. परंतु उरलेल्या पेशी उन्हामुळे काही ठिकाणी अधिक रंगद्रव्य बनवतात, काही ठिकाणी कमी. तरुणपणी साधारण चार आठवड्यांत नवा होणारा त्वचेचा वरचा थर पुढे सावकाश बदलू लागतो, आणि म्हणून डाग रेंगाळतात. वांगामागे उन्हाबरोबर अनुवंशिकता आणि स्त्रियांची संप्रेरकेही असतात. कित्येकींना ते प्रथम गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना दिसतात.

कपाळाच्या कडांचा विचार मात्र वेगळा करायला हवा. तेथील त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागत असेल आणि मानेवरही तसाच काळेपणा असेल, तर रक्तातील साखर अवश्य तपासून घ्या, कारण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. केसांना कलप लावत असाल, तर त्याची ॲलर्जीही तपासावी लागेल.

त्या मलमाची मला अधिक काळजी वाटते. ट्यूबवरील बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. ही स्टिरॉइडे आहेत. सुरुवातीला रंग उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवल्यावर काळेपणा उलटून येतो. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नयेत आणि कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नयेत. ती ट्यूब सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

तोवर चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. त्याने त्वचेची आग होते आणि उन्हात डाग आणखी गडद होतात. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन रोज लावा आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावा. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात, शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा वांग वाढवतो. त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घेतलेले बरे. फरक दिसायला काही महिने लागतील, आणि उन्हाळ्यात वांग पुन्हा उठले तरी उपचार सोडू नका. एखादा डाग वेडावाकडा वाढू लागला, त्यातून रक्त आले किंवा तो चिघळला, तर मात्र लगेच दाखवा.