'श्रद्धा' म्हणायचं की 'विश्वास'? आणि 'मी' की 'आम्ही'?

ताई, तुम्ही विचारलं की अचलपूरकडच्या तुमच्या गावात रविवारी पोरांना ख्रिस्ती धर्मशिक्षण देताना 'श्रद्धा' शब्द वापरायचा की 'विश्वास', आणि श्रद्धेची कबुली 'मी' म्हणून द्यायची की 'आम्ही', कारण पोरं दोन्ही घडाघडा म्हणतात पण त्यात त्यांचं स्वतःचं काही नसतं. मला वाटतं नाम सोडा अन् क्रियापद पकडा. विश्वास असतो, बसतो, ठेवतात आणि टाकतात. असणं-बसणं आपल्या हातात नसतं, ठेवणं मात्र माणूस स्वतः करतो, म्हणून मराठी बायबलातलं 'विश्वास ठेवणे' मला फार नेमकं वाटतं. टाकणं त्याच्याही पुढचं. आपल्याकडं म्हणतातच ना, त्याच्यावर भरोसा टाकला अन् वावर बटईनं (पिकाच्या वाट्यावर) देलं, म्हणजे आपलं काहीतरी खरंच दुसऱ्याच्या हाती गेलं.

लॅटिनमध्ये जुन्या चर्चचे धर्मगुरू ऑगस्टिन यांच्यापासून चालत आलेला आणि पुढं मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं नीट मांडलेला भेद अगदी हाच आहे: क्रेडेरे देउम म्हणजे देव आहे असं मानणं, क्रेडेरे देओ म्हणजे देव सांगतो ते खरं मानणं, आणि क्रेडेरे इन देउम म्हणजे देवावर भार टाकून त्याच्याकडं निघणं. पाठांतरानं पहिली दोन तपासता येतात, तिसरं नाही, आणि धर्मशिक्षण तर त्या तिसऱ्यासाठीच असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये लिहिलंच आहे की या शिक्षणाचं अंतिम ध्येय ख्रिस्ताशी जवळीक हे आहे.

'मी' की 'आम्ही' म्हणाल तर दोन्ही जुने आहेत. 325 साली नायसियाच्या सभेत, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेत, श्रद्धेची कबुली देताना ग्रीकमध्ये 'आम्ही' म्हटलं गेलं, लॅटिन 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) मात्र एकवचनी. 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही शेजारी ठेवतो, श्रद्धा ज्याची त्यानं करायची कृती आहे पण एकटं राहून करायची नाही.

'श्रद्धा' शब्द वाईट नाही, धड्याच्या नावाला शोभतो. पण पोरांच्या तोंडी तो शाळेतल्या निबंधातूनच येतो. म्हणून वर्गात 'मी विश्वास ठेवतो' म्हणून घ्या आणि मुलींना 'ठेवते'च म्हणू द्या, पुस्तकात 'ठेवतो' छापलं असलं तरी, कारण लॅटिनच्या 'क्रेडो'त मुलगा-मुलगी कळत नाही, मराठीत कोण बोलतंय ते क्रियापदच सांगतं, एवढी सोय आपल्या भाषेनं दिली ती का सोडायची. मग प्रत्येकाला घरच्या बोलीत विचारा. एखादा म्हणला 'माहा येशूवर भरोसा हाये' तर त्याची भाषा सुधारू नका, 'काऊन?' (का बरं?) एवढंच विचारा.