वाचक विचारतात : अडचणीतल्या देशाला युरोप सावरतो कसा?

प्रश्न : एका देशाचे कर्ज दुसऱ्याने फेडायचे नाही, असे युरोपीय संघाच्या करारातच आहे म्हणतात. मग २०१० मध्ये ग्रीसला पैसे कुठल्या नियमाने मिळाले? (वाचक, सोलापूर)

उत्तर : आपण म्हणता ते कलम १२५. दुसऱ्या देशाची देणी अंगावर घ्यायला ते मनाई करते. त्या देशाला व्याजाने नवे कर्ज द्यायला नाही. सगळी मदत या फटीतून गेली आणि २०१२ मध्ये संघाच्या न्यायालयानेही ती मान्य केली. मात्र कडक अटी हव्यात, आणि जुनी देणी ज्याची त्याच्याच माथी राहिली पाहिजेत.

मे २०१० मध्ये ११० अब्ज युरो ठरले. त्यातले ८० अब्ज हे युरो चलन वापरणाऱ्या देशांचे, ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. युरोपीय मध्यवर्ती बँकेत ज्याचे जेवढे भांडवल, त्या प्रमाणात त्याचा वाटा. व्याज म्हणजे युरोपातल्या बँका एकमेकींना तीन महिन्यांसाठी कर्ज देतात तो दर, त्यावर ३ टक्के. तीन वर्षांपुढे ४ टक्के. शिवाय अर्धा टक्का शुल्क वेगळे. शेजारधर्माचा दर हा नव्हे. पुढे तो बराच खाली आणावा लागला. स्लोव्हाकियाने वाटा द्यायचे नाकारले. आयर्लंड आणि पोर्तुगाल तर थोड्याच काळात स्वतः कर्ज मागायला उभे राहिले आणि देणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडले.

प्रश्न : त्या पैशांतले ग्रीक जनतेच्या हाती किती पडले? (वाचक, ठाणे)

उत्तर : फार थोडे. मोठा भाग मुदत भरलेल्या रोख्यांची परतफेड, व्याज आणि ग्रीक बँकांच्या भांडवलात गेला. रोखे धरून बसलेल्यांत फ्रेंच आणि जर्मन बँका ठळक होत्या. म्हणजे ग्रीसला दिलेल्या कर्जाने देणाऱ्यांच्या बँकाही वाचल्या, आणि हे त्या देशांच्या मतदारांना कोणी फारसे सांगितले नाही.

खरी चूक क्रमाची होती. कर्ज फिटण्यासारखे नाही हे दिसत असताना आधी नवे कर्ज आणि सरकारी खर्चात कपात झाली. रोख्यांच्या दर्शनी किमतीत ५३.५ टक्के घट करायला मार्च २०१२ उजाडला. दरम्यान पगार, पेन्शन कापल्याने मागणी आटली, उत्पन्न घसरले आणि उत्पन्नाशी कर्जाचे प्रमाण उलट चढले. २००८ नंतर पाच-सहा वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे पाव भागाने आक्रसली. रोख्यांच्या किमतीतल्या घटीचा फटका ग्रीक रोखे बाळगणाऱ्या सायप्रसच्या बँकांना बसला, आणि २०१३ मध्ये सायप्रसलाही १० अब्ज युरो घ्यावे लागले. तिथे तर एक लाख युरोंवरच्या ठेवींनाही हात घातला गेला.

प्रश्न : आज असा प्रसंग आला तर पायऱ्या कोणत्या? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : देश युरो वापरणारा असेल तर लक्झेंबर्गच्या युरोपीय स्थैर्य यंत्रणेकडे (युरो वापरणाऱ्या देशांनी उभारलेला कर्जनिधी) अर्ज करायचा. संघाचा कारभार पाहणारा युरोपीय आयोग मध्यवर्ती बँकेला सोबत घेऊन कर्ज झेपेल का ते तपासतो, अटींचा मसुदा ठरतो, मग सदस्य देशांच्या अर्थमंत्र्यांची एकमताने मंजुरी. जर्मनीसारख्या देशात त्याआधी संसदेचा होकार लागतो. तातडीच्या वेळी ८५ टक्के मते पुरतात. पण जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्क्यांहून जास्त मते असल्याने यांतला कोणीही एकटा अडवू शकतो.

कर्ज देण्याची कमाल क्षमता ५०० अब्ज युरो. सदस्यांनी प्रत्यक्ष भरलेले सुमारे ८० अब्ज मात्र वाटले जात नाहीत. ते तारण म्हणून राहतात आणि त्यांच्या व गरज पडल्यास आणखी भरण्याच्या सदस्यांच्या हमीच्या जोरावर यंत्रणा बाजारात रोखे विकते.

या दाराशी जायला सरकारे कचरतात. २०२० मध्ये करोनासाठी या यंत्रणेने २४० अब्जांची सोय जवळपास बिनअटीची ठेवली, तरी एकाही देशाने ती घेतली नाही. ग्रीसच्या रांगेत आपण दिसू, ही धास्ती.

प्रश्न : मग करोनात मदत झालीच नाही का? (वाचक, पणजी)

उत्तर : झाली, वेगळ्या वाटेने. २१ जुलै २०२० रोजी ७५० अब्ज युरो (२०१८ च्या किमतींनुसार) मंजूर झाले : ३९० अब्ज अनुदान, ३६० अब्ज कर्ज. कर्ज काढले संघाने स्वतःच्या नावावर. फेड २०५८ पर्यंत. अनुदानाचा आकडा आधी ५०० होता. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन यांनी तो खाली खेचला. हप्ते ठरलेले टप्पे गाठल्यावरच सुटतात.

प्रश्न : आपल्या वित्त आयोगासारखी कायमची वाटणी तिथे का नाही? (वाचक, पुणे)

उत्तर : वाटायला तेवढे केंद्राकडे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य (राज्यांशी वाटून घ्यायच्या) निधीतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला. युरोपीय संघाचे नेहमीचे अंदाजपत्रकच सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का, आणि करोनाचे कर्ज काढण्यासाठी त्याची मर्यादा तात्पुरती ०.६ टक्क्यांनी वाढवायलाही सत्तावीसच्या सत्तावीस देशांची स्वतंत्र मान्यता लागली. ती पूर्ण व्हायला मे २०२१ संपत आला.