वेटिंग रूममधली मैत्रीण

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान होऊन वर्ष झालं. थेरपीच्या वेटिंग रूममध्ये एक मेक्सिकन बाई भेटते, तिच्या मुलीची आणि माझ्या मुलाची वेळ एकच. तिच्यासारख्या, खास गरजा असलेल्या मुलांच्या आया शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतात, तिथे ती मला बोलावते आहे. सगळं स्पॅनिशमध्ये चालतं, पण 'मी तुला सांगेन' म्हणते. घरी मात्र 'त्यांचं आणि आपलं काय?' असा सूर आहे. शिवाय शाळेतल्या एका बाईंनी मुलाशी फक्त इंग्रजीत बोलायला सांगितलंय. त्याला झोपवताना मला इंग्रजी सुचतच नाही. काय करू?
– एक आई, सॅन होजे

उत्तर : जा. येत्या शनिवारीच जा.

मी मूळची तासगावची. गेली २२ वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या भागात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. इथे जवळच सेल्मा नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं. नवी आले तेव्हा हे ऐकून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. आपल्याकडे बेदाणा शेडमध्ये जाळीवर सुकतो, इथे अजूनही पुष्कळ ठिकाणी वेलींच्या ओळींमधे जमिनीवर कागद अंथरून सुकवतात. भर उन्हात वाकून ते घड तोडणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी माझ्याकडे मुलं घेऊन येतात. थेरपीच्या एका तासापायी त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. तरी येतात.

'त्यांचं आणि आपलं काय?' याचं उत्तर मला एका ग्रहणाने दिलं. दुभंगलेल्या ओठाचं बाळ घेऊन एक आई आली होती. सासू तिला ऐकवत होती, 'ग्रहणात पोटाला सेफ्टी पिन लावली नाहीस, म्हणून झालं.' मेक्सिकोत गरोदर बाईने ग्रहणात पोटाशी धातूची वस्तू बाळगायची असते. मला माझी काकू आठवली. तिच्या मुलाचा पाय वाकडा होता, आणि ग्रहणात विळीला हात लावलास म्हणून तिने जन्मभर बोलणी खाल्ली. त्या आईचा हात धरून मी एवढंच म्हणाले, 'तुझं काही चुकलेलं नाही.' ती रडायला लागली. त्या तासात बाकी काहीच काम झालं नाही.

आता भाषेचं. इथे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण या आयांचं सगळ्यात मोठं ओझं तेच आहे. इंग्रजीतला 'वन्स' आणि स्पॅनिशमधला 'ओन्से' लिहायला हुबेहूब सारखे : once. एकाचा अर्थ एकदा, दुसऱ्याचा अकरा. एका आईने फिटच्या औषधाची बाटली माझ्यापुढे धरून, त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, 'दिवसातून अकरा वेळा?' तिने विचारलं म्हणून बरं झालं.

दुसऱ्या एका मुलाबरोबर त्याची नऊ वर्षांची बहीण दुभाषी म्हणून यायची. डॉक्टर म्हणाले, 'हा बहुधा आपल्या पायांवर चालणार नाही, हे आईला सांग.' पोरगी खाली बघत राहिली. मग स्पॅनिशमध्ये आईला म्हणाली, 'अजून थोडा वेळ लागेल म्हणतात.' मला स्पॅनिश कळतं. ते वाक्य मी विसरू शकत नाही. खरं तर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी, आणीबाणी सोडून, लहान मुलांना दुभाषी करायचं नाही असा नियम आहे. पुढच्या खेपेला ती आई मुलीला शाळेत पाठवून आली आणि दुभाषी मिळेपर्यंत दोन तास बसून राहिली. मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या ओहाका राज्यातून आलेल्या काही आयांना तर स्पॅनिशही परकं. त्या मिश्टेक ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा बोलतात, म्हणजे दुभाषी येऊनही प्रश्न सुटत नाही.

हे सगळं सोसून या बायका जे शिकल्या आहेत, ते तुम्हाला हवंय. शाळेच्या आयईपी मीटिंगला, म्हणजे मुलासाठीची खास शिक्षण-योजना ठरवणाऱ्या बैठकीला, त्या एकट्या जात नाहीत, 'कोमाद्रे'ला बरोबर नेतात. कोमाद्रे म्हणजे खरं तर मुलाची धर्ममाता, पण व्यवहारात मानलेली बहीण. कागदावर तिथल्या तिथे सही करत नाहीत, घरी नेऊन वाचतात. मुलाला कोणती खास मदत लागेल याच्या तपासणीची मागणी तोंडी न करता लेखी देतात, कारण कॅलिफोर्नियात त्यानंतर शाळेला साधारणपणे १५ दिवसांत तपासणीचा आराखडा द्यावा लागतो. हे मला माझ्या वरिष्ठांनी नाही, एका द्राक्षतोडणाऱ्या बाईने शिकवलं. लॉस एंजेलिसमध्ये अशा कुटुंबांनी १९७८ मध्ये 'फिएस्ता एदुकातिवा' ही संस्थाच उभी केली. अशा गटांकडे वर्षानुवर्षांची शिदोरी असते.

एक सांभाळा. तिथे कुणाला कागदपत्रांबद्दल, नवऱ्याच्या कामाबद्दल विचारू नका. २०१९ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्यांच्या ग्रीन कार्डावर गदा आणणारा नियम आला, तेव्हा त्याच्या कक्षेत न येणाऱ्या घरांनीही घाबरून मुलांचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सोडलं. २०२१ मध्ये तो नियम गेला, पण भीती गेली नाही.

आणि घरच्या भाषेबद्दल शाळेतल्या बाईंचं ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, याला संशोधनात आधार सापडलेला नाही. हाच सल्ला माझ्या ओळखीच्या एका आईने दोन वर्षं पाळला. तिला येणारं इंग्रजी म्हणजे 'ये, बस, खा, थांब, नको.' दोन वर्षं ती पोटच्या मुलाशी तेवढंच बोलली. गोष्ट नाही, गाणं नाही, लाडाने रागावणं नाही. मग गटातल्या बायकांनी तिला स्पॅनिशवर परत आणलं. त्या रात्री ती त्याच्याशी तासभर नुसती बोलत बसली होती, असं तिने मला सांगितलं. तुम्ही त्याला मराठीतच झोपवा.

शनिवारी मुलालाही घेऊन जा. तो हात फडफडवेल तेव्हा तिथे कुणी वळून बघणार नाही. तुमची फाईल न्या, त्या आपणहून उघडतील आणि काय राहिलंय ते सांगतील. आणि त्याआधी वेटिंग रूममध्ये तिच्या मुलीला खायला काय चालतं ते विचारून ठेवा, हातात काहीतरी घेऊन जायला बरं.