‘शनी मार्गी होऊ दे, मग बघू’

“मॅडम, सध्या शनी वक्री आहे. मार्गी झाला की करू का?”

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. वक्री म्हणजे आकाशात उलटा चालताना दिसणारा ग्रह, मार्गी म्हणजे पुन्हा सरळ चालू लागलेला. ‘करू का’च्या आधी काहीही असू शकतं: नोकरी सोडायची आहे, फ्लॅट बुक करायचा आहे, स्थळाला होकार कळवायचा आहे, कुणाला घटस्फोटाची नोटीस द्यायची आहे. पंचविशीच्या आतली मुलं शनीऐवजी बुध घेऊन येतात. रील्सवर ‘मर्क्युरी रेट्रोग्रेड’ ऐकलेलं असतं आणि फोन बिघडण्यापासून ब्रेकअपपर्यंत सगळं त्याच्या नावावर खपवलेलं असतं. बुध वर्षातून तीन वेळा, दर वेळी तीनेक आठवडे वक्री असतो, त्यामुळे त्याच्या नावावर बरंच काही खपतं. वय बदलतं, ग्रह बदलतो, थांबून राहणं तेच.

मेघनाची गोष्ट सांगते. नाव आणि व्यवसाय बदलला आहे, बाकीचं तिच्या परवानगीने लिहिते आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा आली. चौतिशीची फिजिओथेरपिस्ट, मिरजेत नोकरी, सांगलीत विश्रामबागला स्वतःचं सेंटर काढायची इच्छा. कर्जाला बँकेचा होकार होता, नवरा पाठीशी होता. गेल्या काही वर्षांत गाळे बघून झाले, आवडले, हातचे गेले. टोकन मात्र एकदाही दिलं गेलं नव्हतं.

पर्समधून तिने प्लास्टिकच्या पाकिटातली पत्रिका काढली. हाताने मांडलेली जुनी कुंडली, लग्नस्थानी 10 चा आकडा, म्हणजे मकर लग्न, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली राशी मकर. तिथेच ‘श’ आणि त्याला लागून लाल शाईत ‘व’. त्या लाल ‘व’भोवतीचा कागद बोटं लागून लागून काळपट झाला होता.

“शनी लग्नात आणि तोही वक्री. त्याची दहावी दृष्टी, म्हणजे स्वतःपासून दहाव्या घरावरची नजर, दशमावर. दशम म्हणजे कर्मस्थान, म्हणजे धंदा माझ्या नशिबात नाही. त्यात 13 जुलैपासून गोचरीचा, म्हणजे आत्ता आकाशातला, शनीही वक्री आहे. नोव्हेंबरअखेर मार्गी होतोय, तोवर थांबते म्हणते.”

“नोव्हेंबरात गुरू वक्री होतोय. तो मार्चपर्यंत.”

“हो,” ती हळूच म्हणाली. “तेही बघून ठेवलंय मी.”

तारखेचं हे असंच असतं. भीती वाटत असताना कुणी तारीख दिली की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, कारण आज काही ठरवावं लागत नाही. तारीख जवळ आली की पुढची लागते, आणि पंचांगात पुढची तारीख नेहमीच असते. शनी दर वर्षी साधारण साडेचार महिने वक्री असतो, गुरू चार महिने. थांबायचंच असेल तर आकाश कधी कमी पडत नाही.

तिने मला विचारलंच, “तुमचा विश्वास आहे का ज्योतिषावर?” हे सगळेच विचारतात आणि मी सरळ उत्तर देते. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कुठली हुशार मुलाची आणि कुठली गतिमंद मुलाची हे सांगायचं होतं. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर यावीत. सरासरी त्याहूनही कमीच आली. म्हणून पत्रिकेवरून मी कुणाचं भविष्य सांगत नाही. पण पत्रिका मला वाचता येते, मी ती मुद्दाम शिकून घेतली. माणूस ज्या भाषेत घाबरतो ती भाषा समोरच्याला येत नसेल तर तो फार काही सांगत नाही. मेघनाला ‘हे सगळं थोतांड आहे’ असं सांगणारे तिच्या हॉस्पिटलात पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कुणालाही तो लाल ‘व’ कधी दिसला नव्हता.

तर आधी आम्ही आकाशाबद्दल बोललो. वक्री ग्रह खरोखर मागे फिरत नाही. आपली गाडी शेजारच्या रुळावरच्या संथ गाडीला ओलांडून जाते तेव्हा ती गाडी मागे सरकल्यासारखी दिसते, तसं हे आहे. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने शनीला मागे टाकते त्या काळात तो आपल्याला उलटा चालताना दिसतो. हे घडतं शनी सूर्याच्या जवळजवळ समोर आलेला असताना, म्हणजे तो पृथ्वीला सर्वांत जवळ आणि वर्षातला सर्वांत तेजस्वी असताना. मेघनाचा जन्म 1991 च्या जुलैअखेरचा, तिन्हीसांजेचा. पश्चिमेला सूर्य बुडत होता आणि पूर्वेला शनी उगवत होता. पत्रिकेतल्या लाल ‘व’चा अर्थ इतकाच. जगातल्या दर शंभर माणसांमधल्या छत्तीस-सदतीस जणांचा जन्म शनी वक्री असतानाच होतो.

मग आम्ही शास्त्रही पाहिलं, कारण तिचा त्यावर विश्वास होता. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानावर दृष्टी टाकतो. मंगळाला चौथी आणि आठवी, गुरूला पाचवी आणि नववी, शनीला तिसरी आणि दहावी दृष्टी जादा दिलेली आहे. आता हिच्या पत्रिकेत शनी मकरेत, स्वतःच्या राशीत, लग्नी. याला शश योग म्हणतात, पंचमहापुरुष योग म्हणून मानलेल्या पाच शुभ योगांपैकी एक. त्याची दहावी दृष्टी पडते तुळेवर, आणि तूळ ही शनीची उच्च राशी, म्हणजे तो जिथे सर्वांत बलवान मानतात ती. वक्री ग्रह दुबळा असतो ही तर निव्वळ ऐकीव समजूत. षड्बल, म्हणजे ग्रहाची सहा प्रकारची ताकद, मोजताना चेष्टाबल, म्हणजे चालीचं बल, सर्वांत जास्त मिळतं ते वक्री ग्रहालाच. कुठलाही जाणता ज्योतिषी ही पत्रिका बघून म्हणेल की कष्टाने स्वतःचं काही उभं करणाऱ्याची आहे.

“माहितीये,” मेघना म्हणाली. “मी वाचलंय हे सगळं.”

इथे मी थबकले. तिच्याच शास्त्राने दिलेली चांगली बातमी तिला पोचत नव्हती. त्याच भाषेतली वाईट बातमी आत शिरते आणि चांगली दारातूनच परत जाते, तेव्हा भीती पत्रिकेतून आलेली नसते. ती आधीपासून असते, पत्रिकेने तिला नाव दिलेलं असतं. अनेक समुपदेशक अशा वेळी विचारांची तपासणी करतात, ‘याला पुरावा काय’ असं विचारतात. माझा ओढा वेगळा आहे. मी माणसाच्या आधी त्याच्या घराकडे बघते. म्हणून माझा एक ठरलेला प्रश्न असतो. इतक्या वर्षांत त्याने मला क्वचितच रिकाम्या हाताने परत पाठवलंय.

“ही दहावी दृष्टी तुला पहिल्यांदा कुणी सांगितली? आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?”

तिने उत्तर द्यायला पुढचा आठवडा घेतला. आली ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली.

2005 सालची गोष्ट. ती नववीत. सांगलीला महापूर आलेला, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 50 फुटांच्या वर. मारुती रोडला तिच्या वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून उधारीवर भरलेला माल अजून बराच शिल्लक होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा वह्यांचे गठ्ठे फुगून एकमेकांना चिकटले होते, ओढले की लगद्यासारखे तुटत होते. तो वास तिला अजून आठवतो. दुकान पुन्हा उभं राहिलं नाही. वडील दुसऱ्याकडे हिशेब लिहायला जायला लागले.

त्याच महिन्यात आजीने गुरुजींना बोलावलं. त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका पाहिल्या आणि मेघनाच्या पत्रिकेवर बोट ठेवलं. हिचा शनी लग्नी वक्री, दहाव्या दृष्टीने दशमाला बघतोय, आणि आत्ता गोचरीचा शनी कर्केत बरोबर त्याच्या समोर आलाय. आपल्याकडे दशमावरून कर्म पाहतात, तसे वडीलही पाहतात.

“आजी म्हणाली, म्हणजे पोरीच्या शनीने बापाचं दुकान बुडवलं. मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.”

मी लगेच काही बोलले नाही. तिची मान खाली होती. मग विचारलं, “दुकानाच्या शेजारी काय होतं?”

“शेजारी? भांड्यांचं दुकान.”

“त्याच्या पलीकडे?”

“चपलांचं. मग एक कापडवाले. समोर मिठाईवाले काका.”

“त्यांच्या दुकानांत पाणी शिरलं होतं?”

“सगळ्यांच्याच. अख्खी पेठ...”

वाक्य तिथेच तुटलं. मीही ते पुरं केलं नाही. समुपदेशकाचा मोह असा असतो की दार किलकिलं झालं की आपणच ढकलावं. मी तो आवरते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “भांडीवाल्यांना दोन्ही मुलगेच होते. माझ्याहून कितीतरी मोठे.” नंतर ती रडली, चौदा वर्षांची मुलगी रडेल तशी, नाक ओढत, बाहीला डोळे पुसत.

पुढच्या भेटीत मी तिला एक गणित करायला लावलं. शनीला राशिचक्राची एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी गोचरीचा शनी प्रत्येकाच्याच जन्मस्थ शनीच्या समोर येतो. 2005 मध्ये तिच्या वर्गातल्या बहुतेक सगळ्या पोरापोरींचा तो तसाच होता. पूर न आलेल्या गावांतल्या नववीच्या वर्गांतही.

तरी एक गाठ उरली होती, आणि माझ्या मते खरी गाठ तीच. आजी काही दुष्ट नव्हती. मग असं का बोलली? मी मेघनाला म्हटलं, वडिलांना विचार. त्या रात्री दुकानात काय झालं, एवढंच विचार. शनीचं नाव काढू नकोस.

वडिलांनी सांगितलं. पाणी वाढतंय असा आदल्या दिवशी निरोप आला होता. धाकटा भाऊ माल माडीवर चढवू म्हणत होता. वडीलच ‘इतकं आत पाणी येत नाही’ म्हणाले आणि शटर ओढून घरी आले. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही त्यांना तोंडावर बोललं नाही. कसं बोलणार? माणूस आधीच खचला होता. आजीला मुलाला दोष द्यायचा नव्हता, म्हणून तिने तो ग्रहाला दिला. त्यात मायाच होती. फक्त शनीला पत्रिका लागते, आणि ती पत्रिका ज्या मुलीची होती ती आतल्या खोलीत जागी होती. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. लेकीने सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, “अगं, मला विचारायचंस.”

ग्रहांच्या दृष्टीची भाषा आपल्याकडे अशी फार वापरली जाते, असं माझं निरीक्षण आहे. जे बोलून दाखवता येत नाही ते ग्रहावर घालायचं. सासरी नव्या सुनेचा ‘पायगुण’ निघतो तोही यातलाच. बोलणाऱ्याला हलकं वाटतं. ज्याच्या नावावर जातं तो वर्षानुवर्षं वाहत राहतो, आणि मोठेपणी त्याला वाटतं की मी हात लावला तर बुडेल. मेघनाला धंद्यात तोटा होईल ही भीती नव्हतीच. आपण दुसऱ्यांदा घर बुडवू, ही होती.

करारावर सही 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला झाली. शनी वक्रीच होता. आईला मुहूर्त हवा होता, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा असल्याने पंचांग उघडावं लागलं नाही. मी याला हरकत घेईन असं मेघनाच्या नवऱ्याला वाटलं होतं. मी म्हटलं, कशाला? आनंदाने पाळलेला मुहूर्त कुणाला अडवत नाही. गाळा तिने पहिल्या मजल्यावरचा घेतला, आधी लिफ्ट नीट चालते का बघून, कारण गुडघ्याचे पेशंट जिना चढणार नाहीत. विम्यात पुराचं कलम आहे का, हे वडिलांनी सगळे कागद वाचून तपासलं.

तुमच्या घरात कुणी असं अडलं असेल तर ग्रह खरे की खोटे या वादात शिरू नका. तो वाद तुम्ही जिंकाल आणि माणूस तिथेच बसून राहील. ही दृष्टी, हा वक्री ग्रह त्याला पहिल्यांदा कुणी आणि केव्हा सांगितला ते विचारा. तारीख पुढे पुढे सरकतेय का बघा. दोनदा सरकली असेल तर अडचण आकाशात नाही. झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, पत्रिका नंतर. आणि ग्रहशांतीसाठी कुणी कर्ज काढायला सांगत असेल तर तिथून उठा.

ज्योतिष सांगणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. त्यांच्यातले काही जण माझ्याकडे माणसं पाठवतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. लहान मुलाच्या पत्रिकेत आईवडिलांचं बरंवाईट वाचू नका. वाचलंतच तर बोलू नका. भिंती पातळ असतात आणि मुलं जागी असतात. आणि तुमच्या घरात असं काही कधी बोललं गेलं असेल, तर ते मूल आज पस्तिशीचं असलं तरी त्याला विचारा, तू तेव्हा काय ऐकलं होतंस म्हणून.