बँकेला पत्र कुणी लिहायचं होतं?

प्रश्न : मॅडम, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘सत्यम कॉम्प्युटर’चा घोटाळा घेतलाय. बोर्डावर एवढी नावाजलेली माणसं असताना कुणालाच कसं कळलं नाही? आमचे सर म्हणतात, ‘राजूंनी सगळ्यांना फसवलं, एवढं लिही.’ तेवढं पुरेल का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही पुरणार. आणि तुला ते खटकलं, याचा मला फार आनंद झाला.

फसवलं हे खरंच. 7 जानेवारी 2009 ला या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी बोर्डाला पत्र लिहून स्वतःच कबूल केलं, की बँकेत म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटींपैकी 5,040 कोटी रुपये मुळात नाहीतच. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कामकाजातला नफा दाखवला होता 649 कोटी, खरा होता 61 कोटी. वाघावर बसलो आणि उतरायचं कसं ते कळेना, अशा अर्थाचं वाक्यही त्या पत्रात आहे.

पण बाळ, पैसे कुठे दाखवले होते ते बघ. बँकेत! गोदामातला माल मोजायला दोन दिवस धुळीत उभं राहावं लागतं. बँकेतली शिल्लक तपासायला एक पत्र पुरतं. ऑडिटरनं बँकेला लिहायचं आणि बँकेनं उत्तर ऑडिटरलाच पाठवायचं, ते कंपनीच्या हातातून येता कामा नये. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकायला लागलेल्या मुलांनाही हे सुरुवातीलाच शिकवतात. इथे ती पत्रं पाठवणं आणि उत्तरं घेणं, दोन्ही कंपनीच्याच माणसांवर सोडलं गेलं. त्याबद्दल 2011 मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकानं, सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या संस्थांना 60 लाख डॉलरचा दंड केला. तुझ्या प्रकल्पाचं मुख्य प्रकरण हेच कर.

आता बोर्ड. पेंटियम चिपमुळे जगाला माहीत झालेले विनोद धाम, हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद, हैदराबादच्या आयएसबीचे डीन राममोहन राव. 16 डिसेंबर 2008 ला या बोर्डापुढे प्रस्ताव आला : राजूंच्या कुटुंबाच्या दोन ‘मेटास’ कंपन्या 160 कोटी डॉलरला घ्यायच्या. इंग्रजीत मेटासची (Maytas) अक्षरं उलटीकडून वाच, सत्यम होतं. सॉफ्टवेअरच्या कंपनीनं मालकाच्या घरच्यांची जमीन आणि बांधकामाची कंपनी का घ्यावी? बोर्डानं मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांना जे एका रात्रीत दिसलं, ते टेबलाभोवती बसलेल्यांनी अडवायला हवं होतं.

हे मी सांगते, कारण तसं टेबल मी जवळून पाहिलंय. एकतीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून बोर्डाची मिनिट्स, म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद, लिहिली. एका कंपनीत (नाव सांगत नाही) 140 पानांचा अजेंडा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी जायचा. एका ज्येष्ठ संचालकांनी त्याचं पाकीट माझ्यासमोर, बैठकीतच फोडलं. प्रमोटरच्या भावाच्या फर्मला आगाऊ रक्कम द्यायचा विषय होता. काजूची बशी फिरली, चार मिनिटांत पुढचा विषय. मी लिहिलं : ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर.’ चर्चा झालीच नव्हती. ते वाक्य माझ्या हातचं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून बोर्डावर कोण कोण होतं ही यादी प्रकल्पात एका ओळीत संपव. कुणी कोणता कागद मागितला, हे शोध.

प्रश्न : सत्यमच्या भागधारकांना भरपाई मिळाली का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अमेरिकेत ज्यांनी सत्यमची एडीआर (तिथल्या बाजारात विकली जाणारी, शेअरच्या बदल्यातली पावती) घेतली होती, त्यांनी एकत्र दावा लावला. 2011 मध्ये कंपनीनं 12.5 कोटी डॉलरवर तडजोड केली. इथल्या लहान भागधारकाला असा सामूहिक दावा लावायची सोय तेव्हाच्या कंपनी कायद्यात नव्हती. ती आली 2013 च्या कायद्यात, कलम 245. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच. कंपनी मात्र वाचली. सरकारनं जुनं बोर्ड बाजूला करून किरण कर्णिक, दीपक पारेख अशी माणसं बसवली आणि एप्रिल 2009 मध्ये टेक महिंद्रानं शेअरला 58 रुपये बोली लावून ती घेतली. पन्नास हजारांवर लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, हे विसरू नका.

प्रश्न : माझे वडील निवृत्त प्राचार्य आहेत. एका लिस्टेड कंपनीनं त्यांना स्वतंत्र संचालक व्हायला सांगितलंय. ‘सर, तुम्ही फक्त बैठकीला या, बाकी आम्ही बघतो,’ असं म्हणाले. बाबा खूश आहेत, मला धास्ती वाटते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : धास्ती रास्त आहे. स्वतंत्र संचालक म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेला, बोर्डावर लक्ष ठेवणारा बाहेरचा माणूस. ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला तो नकोच असतो, सरांचं नाव हवं असतं. आणि 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 149 प्रमाणे बोर्डापुढे आलेल्या गोष्टीत दक्षता घेतली नाही, तर जबाबदारी बाबांवरही येते.

होकार देण्याआधी बाबांनी मागच्या दोन वर्षांची ऑडिट समितीची मिनिट्स मागावीत आणि ऑडिटरना एकट्यानं भेटू द्या म्हणावं. टाळाटाळ झाली, तर चहा घेऊन नमस्कार करून घरी यावं.

गेलेच, तर न पटलेल्या ठरावाला तिथल्या तिथे ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणावं. मिनिट्सचा मसुदा पंधरा दिवसांत संचालकांकडे यायला हवा आणि त्यावर आपलं म्हणणं कळवायला सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत बाबांनी मसुदा चष्मा लावून, ओळ न् ओळ वाचावा आणि विरोध त्यात नसेल तर ईमेलनं कळवावं. फोनवर नको.